द्वारकेचे लसणाचे रोल

घाटावरच्या एका गावात द्वारका नावाची सून नांदत होती. लग्नाआधी ती पुण्याला एका बेकरीत सहा वर्षं कामाला होती. सासरी आली ती भट्टीची कला हातात घेऊनच. सासूच्या, म्हणजे भामाबाईंच्या शेतात लसूण पिकत असे. बारीक पाकळीचा, उग्र वासाचा. तो पाहून द्वारकेला लसणाचे रोल करायचं सुचलं.

तिने परसात विटांची भट्टी बांधली. मैदा, कोमट दूध, यीस्ट, मीठ आणि थोडी साखर, एवढ्यावर ती पीठ मळायची. ताणलं की पीठ पातळ पडद्यासारखं व्हायला हवं आणि तरी फाटता कामा नये. तोवर तिचे हात थांबत नसत. मग ते झाकून ठेवायचं. फुगून दुप्पट झालं की लाटायचं. त्यावर ठेचलेला लसूण, लोणी आणि कोथिंबीर पसरायची, अळुवडीसारखी गुंडाळी करून तुकडे कापायचे, ते पुन्हा फुगू द्यायचे आणि मग भट्टीत सोडायचे. लोणीसुद्धा घरच्या म्हशीचं.

भामाबाईंना आधी हे खूळ वाटलं. घरात ज्वारी असताना मैदा कशाला मळायचा, असं त्या शेजारणींना ऐकवत. पण आठवडी बाजारात रोलची टोपली तासाभरात रिकामी व्हायला लागली, तशी त्यांची बोलणी थांबली. त्या स्वतःच लसूण सोलायला बसू लागल्या.

हमरस्त्यावर मुकुंदशेठ नावाच्या गृहस्थांचं मोठं हॉटेल होतं. एकदा बाजारात त्यांनी द्वारकेचा रोल खाल्ला. हॉटेलच्या नव्या दालनाचं उद्घाटन रविवारी संध्याकाळी होतं. त्यासाठी त्यांनी दोनशे रोल सांगितले. पाहुण्यांना आवडले तर रोजचं काम द्यायचं कबूल केलं. द्वारकेला फार आनंद झाला. रोजचं काम मिळालं की गल्लीतल्या तीन बायकांनाही हाताशी घेता आलं असतं. तिने त्या तिघींना तसा शब्दही देऊन टाकला.

रविवारी सकाळी तिने दोनशे रोलचं पीठ मळून झाकून ठेवलं. इतक्यात सरपंचांच्या घरच्या बायका तिचं कौतुक करायला आल्या. मग शेजारच्या आल्या. चहा झाला. पुण्याला काम कसं शिकलीस, असं कुणी विचारलं आणि द्वारका सांगत बसली. ऐकणाऱ्या माना डोलवत होत्या, आणि तिला उठावंसं वाटेना. एप्रिलचं ऊन तापत गेलं. ती परसात आली तेव्हा बारा वाजायला आले होते.

पीठ फुगून पातेल्याबाहेर आलं होतं आणि पुन्हा खाली बसलं होतं. त्याला आंबूस वास येत होता.

तिने त्यातले चार रोल भाजून पाहिले. रंग सोनेरी आला, पण आतून ते भुसभुशीत आणि आंबट होते.

भामाबाईंनी एक तुकडा खाल्ला. सोललेल्या लसणाची परडी त्यांनी पुढे ओढली. मग म्हणाल्या, "द्वारके, लसूण दुप्पट घाल. लोणीही हात सैल सोडून घाल. लसणापुढं कुणाला काय कळतंय?"

द्वारकेने तसंही करून पाहिलं. सासूला चव कळली नाही. शेजारणीला बोलावून खायला दिलं, तिने तर आणखी एक मागितला. खरंच कुणाला कळत नव्हतं. द्वारकेने स्वतः एक घास घेतला. लसणाच्या तिखट चवीखाली तो आंबटपणा तिच्या जिभेला बरोबर सापडला.

ती भट्टीजवळ बसून राहिली. दोनशे रोल पाठवले तर शेठ खूश होणार होते, तिघी बायकांना काम मिळणार होतं, गावात नाव होणार होतं. आणि ते नाव ऐकताना आपल्याला मान खाली घालावी लागणार, एवढंच तिला कळलं. ती उठली. सगळं आंबलेलं पीठ तिने उकिरड्यात खड्डा करून पुरलं.

डब्यात उरलेल्या मैद्याचे फार तर ऐंशी रोल होणार होते. तिने मुकुंदशेठना फोन लावला.

"शेठ, दोनशे जमायचे नाहीत. ऐंशी होतील. पीठ माझ्याच हयगयीनं आंबलं."

शेठ भडकले. दोनशे पाहुण्यांना आता काय वाढू, असं त्यांनी विचारलं. आहेत तेवढे आणून द्या आणि पुन्हा या दारात येऊ नका, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

द्वारकेने पदर खोचला. नवं पीठ तिने जराही घाईने मळलं नाही. उन्हाची काहिली होती म्हणून पातेल्याला ओलं फडकं गुंडाळलं आणि या वेळी त्याच्याजवळून हलली नाही. बायका पुन्हा डोकावल्या, तेव्हा तिने त्यांना दारातूनच हात जोडले. पाच वाजता ऐंशी रोल भट्टीतून निघाले. एकेक रोल दाबला की पुन्हा वर येत होता. ते हॉटेलात पोचवून ती मुकाट्याने परत आली.

घरी येऊन तिने त्या तिघी बायकांना खरं काय झालं ते सांगितलं. त्या हिरमुसल्या. गावातही कुजबुज झाली. बेकरीवाल्या बाईला साधं पीठ सांभाळता आलं नाही, असं लोक म्हणू लागले. द्वारका रोजच्यासारखं पीठ मळत राहिली.

पुढच्या बाजाराच्या दिवशी भामाबाई लसूण विकत बसल्या होत्या. मुकुंदशेठ लसूण घ्यायला आले. तुमच्या सुनेने माझी फजिती केली, असं ते भामाबाईंना रागाने म्हणाले. भामाबाईंनी हातातला तराजू खाली ठेवला.

"शेठ, मीच तिला म्हटलं होतं, लसूण दुप्पट घाल आणि दोनशेच्या दोनशे खपव. मला चव कळली नव्हती, शेजारणीला कळली नव्हती. तुम्हालाही कळली नसती. तिनं माझं ऐकलं नाही. मी म्हातारी झाले, पण खोट लपवू नये, हे मला सुनेकडून कळलं."

बाजारातून शेठ थेट द्वारकेच्या परसात आले. ती भट्टीत लाकडं सारत होती.

"ते रोल पाठवले असते, तर मला खरंच कळलं नसतं?" त्यांनी विचारलं.

"नसतं कळलं," द्वारका म्हणाली.

"म्हणूनच आलोय. जी बाई न विचारता 'बिघडले' म्हणून सांगते, तिचे रोल मला चाखून घ्यावे लागणार नाहीत. उद्यापासून रोज शंभर द्या. ज्या दिवशी बिघडतील, त्या दिवशी नुसता निरोप पाठवा."

दुसऱ्या दिवशी पहाटेच त्या तिघी बायका कामाला आल्या. द्वारकेने त्यांना सगळ्यात आधी आंबलेल्या पिठाचा वास ओळखायला शिकवलं. शंभर रोल भाजून झाले तेव्हा हॉटेलची गाडी दारात उभी होती. पहिली टोपली भामाबाईंनी कुणाला उचलू दिली नाही. ती डोक्यावर घेऊन त्या ताठ मानेने गाडीपर्यंत गेल्या. वाटेत जो भेटेल त्याला थांबवून त्या सांगत होत्या, "माझ्या सुनेच्या हातचे आहेत."

तात्पर्य: जी खोट जगाला कळणार नाही, तीही जो लपवत नाही, त्यालाच आपल्या कामाचा अभिमान शोभतो.