ओकतळं

ऐरणवाडीच्या खालच्या अंगाला एक लहानसं तळं आहे. त्याला ओकतळं म्हणतात. तिथं गुरंसुद्धा तोंड लावत नाहीत. नाव ऐकून पाहुणे नाक मुरडतात, मग लोहारआळीतले रखमाजीबाबा त्यामागची हकिकत सांगतात.

फार पूर्वी येसबा लोहाराचा उजवा हात अधू झाला. तेव्हा घण त्याच्या लेकीनं, सगुणेनं उचलला. विळे-खुरपी ती करी; सुरी मात्र कधी केली नव्हती. वरच्या गडाच्या किल्लेदारानं पोलादाची कांब पाठवली आणि शिकारीची सुरी मागितली.

आठ दिवस सगुणेनं कांब तापवली, ठोकली, कानशीनं घासली. पातं निमुळतं होत गेलं तसा तिचा त्यावर जीव जडला, म्हणे. आता फक्त पाणी पाजायचं राहिलं होतं. लालबुंद पातं पाण्यात बुडवलं की पोलाद कडक होतं.

त्या दिवशी किल्लेदार स्वतः आला. त्याच्या माणसांनी एक घंगाळ आणून ठेवलं. आत नुकत्याच कापलेल्या गाभण मेंढीचं रक्त, वर माश्या.

"हिला रक्त पाज," तो म्हणाला, आणि येसबाचा धड राहिलेला डावा हात ऐरणीवर दाबून धरवला. वर कुऱ्हाड.

सगुणेनं पातं बुडवलं. चर्रर्र झालं, करपलेल्या रक्ताचा चिकट धूर तिच्या घशात गेला. किल्लेदार घंगाळात बोट बुडवून चाटत होता. तिला ओकारी आली.

असं सांगतात, की त्या सुरीनं मांस कापा, फळ कापा, सगळ्याला तोच करपट वास येई. किल्लेदाराला घास गिळवेना. पाचव्या दिवशी तो पोट धरून गड उतरला आणि तळ्याच्या काठी ओकत बसला. सुरी त्यानं पाण्यात भिरकावली आणि सगुणेला बोलावून घेतलं.

"दुसरी कर," तो कण्हला.

"करते," सगुणा म्हणाली, "पण तुमच्यासाठी नाही."

बोलायला तोंड उघडलं की त्याला ओकारी येई. माणसांनी त्याला उचलून नेलं. पुढं तो अन्नावाचून गेला.

सगुणेनं उरलेल्या कांबीची सुरी केली, विहिरीचं पाणी पाजलं. इतके दिवस तिच्याही पोटात काही ठरत नव्हतं. तिनं कांदा चिरला, पण हुंगायचं धाडस होईना. तिनं तो बापापुढं धरला.

"आबा, वास घ्या."

येसबानं हुंगला. डोळे पुसत म्हणाला, "कांद्याचाच येतोय, बाय."

मग बापलेक जेवले.

आजही ऐरणवाडीत कुणी पहिली सुरी केली की तिनं आधी कांदा चिरतात. आळीतलं सर्वांत म्हातारं माणूस तो हुंगून होकार देईपर्यंत त्या घरात पान वाढत नाहीत.