येसूच्या हाताची गाठ

ऐका सटवाईबाई, तुमची कहाणी. तळ्याच्या काठी एक नगर वसलं होतं. नगरातली सगळी घरं दोर वळणाऱ्यांची. शेतात अंबाडी लावावी, कापावी, भारे बांधून तळ्यात दगडाखाली कुजत घालावी, मग तिच्या सालीचा वाख सोलावा, वाळवावा आणि दोर वळावा. विहिरीचा दोर तिथला, नावेचा दोर तिथला, बैलाची वेसण तिथली. गाठ मारावी तर त्यांनीच.

त्या नगरात एक दोर वळणारा होता. त्याला बायको होती, दोन लेकरं होती. थोरली येसू, दहा वर्षांची. धाकटा गेनू, आठ वर्षांचा. येसू हसरी होती, कामाला चपळ होती, पण येसू डावरी होती. सगळी लेकरं जे उजव्या हातानं करीत, ते ती डाव्यानं करी. डाव्यानं वाख सोली, डाव्यानं दोर वळी, आणि कोणी पाहत नसलं की डाव्यानंच जेवी.

तिला पोरं काय म्हणत? "डावरे, तुझा जेवायचा हात कंचा आन धुवायचा कंचा?" असं म्हणत आणि हसत. गेनूनं पहिल्यांदा ऐकलं, खाली पाहिलं. दुसऱ्यांदा ऐकलं, दुसरीकडं पाहिलं. तिसऱ्यांदा ऐकलं, मग तोही हसला. हसला म्हणून पोरांनी त्याला खेळात घेतलं.

संध्याकाळी येसू म्हणाली, "तू पण हसलास व्हय रे?"

"मी न्हाई आक्का. मला ठसका लागला."

"बरा येळेवर लागला," येसू म्हणाली, आणि आपल्या ताटातला गूळ त्याला दिला.

पुढं कार्तिक आला. त्या नगरात चाल अशी होती की कार्तिकात देवीच्या पाळण्याला नवा दोर बांधायचा आणि तो लेकरांनीच वळायचा. सगळी लेकरं देवळापुढं बसली, येसूही बसली. पंचांनी पाहिलं. पंच म्हणाले, "सगळ्यांचा पीळ एकीकडं, हिचा दुसरीकडं. डाव्या हाताचा दोर देवीला चालायचा नाही. हिचा हात पाठीशी बांधा. महिनाभर बांधा, म्हणजे उजवा चालायला लागेल."

आई म्हणाली, "दादा, तो हात देवीनंच दिलाय की."

पंच म्हणाले, "बाई, तुम्ही चूल बघा."

आई आत गेली आणि चुलीपुढं बसली. बाप म्हणाला, "माझ्यानं बांधवत नाही. गेनू, तुझी गाठ पक्की. तू बांध." बापानं आजवर गेनूला कधी चांगलं म्हटलं नव्हतं. गेनूचा ऊर भरून आला. त्यानं दोरी घेतली.

पहिल्या दिवशी येसू म्हणाली, "सैल बांध रे." त्यानं सैल बांधली. दुपारी ती सुटली, पोरं त्याला हसली. दुसऱ्या दिवशी येसू म्हणाली, "सैल बांध रे." त्यानं जरा आवळून बांधली. ती संध्याकाळी सुटली, पोरं पुन्हा हसली. तिसऱ्या दिवशी येसू काहीच बोलली नाही. गेनूनं दोरी दुहेरी केली, वर गाठ मारली, गाठीवर गाठ मारली. बापानं ओढून पाहिली. म्हणाला, "शाबास."

त्याच दुपारी लेकरं तळ्यातले भारे उलटायला गेली. येसूही गेली. ज्याला त्याला दोन हात, येसूला एक. शेवाळलेल्या दगडावर तिचा पाय सरकला आणि ती खोलात गेली. काठावरची पोरं म्हणाली, "बघा, डावरी पवतीया." तानी नावाची पोर सगळ्यांत मोठ्यानं हसली.

गेनूला ठाऊक होतं की गाठ सुटायची नाही. वाखाची गाठ पाण्यात फुगते आणि जास्तच बसते. आत जावं, तर पोरं म्हणतील डावरीचा भाऊ. ओरडावं, तर म्हणतील भित्रा. असा विचार करायला किती वेळ लागतो? तीनदा श्वास घ्यावा इतका. तेवढ्यात तळं गप्प झालं.

मग माणसं धावली. येसूला वर काढलं, काठावर ठेवलं. आई गाठ सोडू लागली, गाठ सुटेना. बाप सोडू लागला, गाठ सुटेना. गेनू सोडू लागला, गाठ सुटेना. शेवटी कोयत्यानं कापली. पंच म्हणाले, "सटवीनं कपाळी लिहिलं होतं, तसं झालं." सगळ्यांनी माना हलवल्या आणि घरोघर जेवायला गेले. आईनं त्या दिवसापासून बोलणं टाकलं.

तेरा दिवस झाले. गेनू उठला. म्हणाला, "लिहिलं असलं तर लिहिणारीला गाठतो. आक्काला परत मागतो." कुणाला सांगितलं नाही, पायात काही घातलं नाही, तसाच निघाला.

जाता जाता पहिलं गाव लागलं. पारावर एक पोरगा बोलत अडखळत होता. चारजण त्याच्यासारखं अडखळून दाखवत होते. पोरगा गेनूकडं पाहू लागला. गेनू म्हणाला, "मला घाई हाय," आणि पुढं गेला. दुसरं गाव लागलं. विहिरीवर एक पोर उभी होती, तिच्या अंगावर कोडाचे पांढरे डाग होते. तिची घागर सगळ्यांनी लांब ठेवली होती, पाणी कोणी घालीना. पोर गेनूकडं पाहू लागली. गेनू म्हणाला, "मला घाई हाय," आणि पुढं गेला.

मग नदी लागली. बाभळीखाली एक म्हातारी भाकरी खात बसली होती. कोणत्या हातानं खात होती? डाव्या. गेनू तिथंच थबकला.

म्हातारी म्हणाली, "का रे पोरा, असा का बघतोस? धुवायचा हात कंचा ते इचारणार हायस का?"

गेनू रडायला लागला. म्हातारीनं त्याला रडू दिलं. मग विचारलं, "कुठं निघालास?"

"सटवाईकडं. माझी आक्का बुडाली. तिचा हात बांधलेला होता."

"गाठ कुणी बांधली?"

"पंचांनी ठरवलं होतं."

"ते मी विचारलं नाही. गाठ कुणी बांधली?"

"बा म्हणाला बांध."

"तेही विचारलं नाही. गाठ कुणी बांधली?"

"मी बांधली," गेनू म्हणाला. "आन काठावर मीच उभा होतो."

तेव्हा त्यानं ओळखलं, ही सटवाईबाई. पाय धरले. म्हणाला, "बाई, माझ्या आक्काला उठव. माझं आयुष्य तिला लाव."

सटवाई म्हणाली, "उठवणारे देव दुसरे. मी जन्माच्या सहाव्या दिवशी येते, कपाळी लिहिते आणि जाते. गेलेलं मला आणता येत नाही."

"मग तिच्या कपाळी बुडणं का लिहिलंस?"

"बुडणं लिहिलं नव्हतं," सटवाई म्हणाली. "म्हातारपण लिहिलं होतं. चार नातवंडं लिहिली होती, त्यांतलं एक डावरं लिहिलं होतं. हात मी डावा दिला, आयुष्य मोठं दिलं. ते तुम्ही सगळ्यांनी मिळून पुसलंत आणि नाव माझं घेतलंत."

 गेनूनं कपाळ मातीत टेकलं. म्हणाला, "मग मी काय करू?"

"वसा घे."

"कसा घ्यावा? केव्हा घ्यावा? काय करावं?"

"कार्तिकातल्या वद्य षष्ठीला घ्यावा. वीतभर वाख घ्यावा, त्याला एक गाठ मारावी. घरातल्या सगळ्यांत लहान लेकराच्या हाती द्यावी. त्यानं आपल्याला येईल त्या हातानं ती सोडावी, घाई कुणी करू नये. मग गावात ज्याला कोणी जेवायला बोलावत नाही असं लेकरू बोलवावं. पहिल्या पाटावर बसवावं. ते जसं जेवेल तसं जेवू द्यावं, जसं बोलेल तसं बोलू द्यावं, हसू कुणी नये. ही दोन सोपी. तिसरं अवघड. वर्षभरात चौघं मिळून एकाला छळताना दिसले, तर त्या एकाच्या शेजारी जाऊन उभं राहावं. भीती वाटली तरी राहावं. आता सांग, वाटेत काय पाहिलंस?"

गेनूनं मान खाली घातली. सटवाई म्हणाली, "पारावर मी होते. विहिरीवर मी होते. जा आता." डोळे पुसून पाहतो तर बाभळीखाली कोणी नाही.

गेनू उलट निघाला. दुसऱ्या गावी आला, कोडाच्या पोरीची घागर भरून दिली आणि तिच्याच घागरीतलं पाणी ओंजळीनं प्याला. बायका म्हणाल्या, "मेल्या, तुला पण होईल." तो म्हणाला, "होऊ दे." पहिल्या गावी आला, अडखळणाऱ्या पोराशेजारी उभा राहिला आणि त्याचं बोलणं पुरं होईस्तोवर ऐकलं. चौघांनी दगड मारले, एक गेनूच्या कपाळाला लागला. बोलणं काय होतं? "म, म, मला पण घ्या."

घरी आला. वर्ष फिरलं, पुन्हा कार्तिक आला. षष्ठी आली. गेनूनं वसा घेतला, वाख घेतला, गाठ मारली. घरात लहान तोच, आता दुसरं कोणी नव्हतं. त्यानंच ती सोडली. आई चुलीपाशी बसून पाहत होती.

इकडं देवळापुढं पाळण्याचा दोर सुरू झाला. लेकरांत शेजारची मैनी बसली होती, पाच वर्षांची. तीही डाव्यानं वळू लागली. पंच म्हणाले, "आणखी एक निघाली. बोलवा गेनूला, त्याची गाठ पक्की." गेनू आला. त्याच्या हाती दोरी दिली. त्यानं ती खाली ठेवली.

तो म्हणाला, "मी बांधणार नाही."

बापानं सगळ्यांदेखत थोबाडीत मारली. गेनू पडला, उठला, पुन्हा म्हणाला, "बांधणार नाही." पंचांनी स्वतः मैनीचा हात बांधला. गेनू तिच्याशेजारी जाऊन बसला आणि आपला हात पाठीशी धरला. म्हणाला, "मग माझा पण बांधा." पंच बापाला म्हणाले, "बांध, खाज जिरू दे." बापानं बांधला. पोरं हसायला लागली. एकजण हसली नाही, ती तानी. काठावर मोठ्यानं हसली होती, तीच. ती उठली, गेनूच्या पलीकडं येऊन बसली. "माझा पण," म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. पंचांनी तिचाही बांधला.

तेवढ्यात गर्दीतून गेनूची आई आली. हाताला चुलीची राख तशीच. पंच म्हणाले, "बाई, तुम्ही..." आईनं त्यांच्याकडं पाहिलं. पंचांचं बोलणं तोंडातच राहिलं.

आईनं मैनीची गाठ सोडली. तानीची सोडली. गेनूपाशी आली. गेनू म्हणाला, "आई, माझी असू दे. मला हेच पायजे."

वर्षानं आई बोलली. "गप बस," म्हणाली. "एक गेली, तेवढी पुरे झाली." आणि दातांनी धरून तिनं ती गाठ सोडली. बाप खाली बसला आणि तोंड झाकून रडू लागला. पंच उठून गेले. बाकीची लेकरं मैनीला जागा करून बसली.

त्या साली पाळण्याचा दोर मैनीच्या डाव्या हातानं पुरा झाला. येसू काही परत आली नाही. गेनू म्हातारा झाला तरी दर षष्ठीला तिच्या नावानं पाट मांडी, आणि त्यावर कोणाचं तरी लेकरू आणून बसवी.

सटवाईबाई, गेनूला तुम्ही उशिरा भेटलात, आम्हां लेकुरवाळ्यांना वेळेत भेटा. त्याला जे बुडाल्यावर कळलं, ते आमच्या लेकरांना काठावर कळू दे. फार दुःखाची कहाणी थोड्या बोलांत सांगितली. सांगणारीला, ऐकणारीला आणि मांडीवरल्या लेकराला फळो, आणि इथं पुरी होवो.