कुठल्या कुत्र्याची छत्री?

ही गोष्ट अगदी खरी आहे, गळ्याशपथ. म्हणजे निम्मी तरी खरी आहे.

फार वर्षांपूर्वी आमच्या सगुणाकाकू तापातून उठल्या, पण अंगात ताकद येईना आणि घास गोड लागेना. म्हणून सुनेनं बाजारातून धिंगरी अळिंबी, म्हणजे मशरूम, आणली. तिला टोपलीत पाहताच दुधी खेकसला, "आजाऱ्याची भाजी म्हणजे मी! ही कुत्र्याची छत्री उकिरड्यावर टाका!"

सून घाबरली आणि धिंगरी फेकायला दाराकडे निघाली.

धिंगरीच्या अंगाचा तिळपापड झाला. "रानातली अनोळखी छत्री खाऊ नये, कबूल! पण मला माणसांनी स्वच्छ पेंढ्यावर वाढवलंय. माझ्यात प्रथिनं आहेत, जीवनसत्त्वं आहेत. तुझ्यात काय आहे रे दुध्या? पाणी! आणि कुठल्या कुत्र्यानं मला डोक्यावर धरलं, त्याचं नाव सांग!"

दारातला ढाण्या कुत्रा तर तिच्याहून भडकला. "जन्मभर पावसात भिजतोय मी! छत्री असती तर भिजलो असतो का?"

सून खुदकन हसली, माघारी वळली आणि तिनं लसणाची फोडणी टाकली. त्या दुपारी काकूंनी वाटी पुन्हा पुढे केली.

आता कबूल करतो, दुधीचं बोलणं मी रचलं. उकिरड्यावर टाका, असं सुनेला म्हणालो होतो मीच. ढाण्या मात्र खरोखर तसंच बोलला.