हरबाजीची तीन बिळं आणि सासूबाईंची पुडी

त्या मुलखात सरलेला दिवस वाया जात नसे. दिवस संपला की त्याची चिमूटभर भुकटी मागे उरे. ती पानाच्या पुडीत बांधून ठेवावी, पुढे वाटेल तेव्हा पुडी सोडावी, की तो दिवस वासासकट समोर हजर. विरजण लावतात तशी एका पुडीची दुसरीही करता येई. जुनी चिमूट कोरड्या पिठात मिसळून झाकून ठेवायची; थोड्या वेळाने सगळं पीठच तो दिवस होऊन बसलेलं असे.

पुड्या ठेवायच्या कुठे, एवढाच काय तो प्रश्न होता. बहुतेक जण त्या बगळ्यांकडे नेऊन देत. बगळे राहायचे उंच टेकडीवर, जिथे बारा महिने ढग टेकलेले असत. जागा मुबलक, एका पायावर उभे राहून राखण करणार, आणि बदल्यात मागणार काय, तर काहीच नाही. एवढं फुकट देणाऱ्याच्या पोटात काय आहे हे कुणी विचारलं नाही. फुकट ते पौष्टिक!

हरबाजी उंदरानेही विचारलं नसतं. पण एकदा तो टेकडीवर गेला असता एक बगळा मान वाकवून अगदी गोड आवाजात म्हणाला, "तुमच्या सासूबाईंना भाजलेले तीळ फार आवडत असावेत. ओढ्याकाठी नवे तीळ आलेत बरं का. कळवून ठेवावं म्हटलं."

हरबाजीच्या मिशा ताठ झाल्या. सासूबाईंचे तीळ ह्याला कुणी सांगितले? म्हणजे हे ध्यानस्थ महाराज सगळ्यांच्या पुड्या हुंगतात की काय! त्याने तिथल्या तिथे आपलं सगळं गाठोडं उतरवून घेतलं आणि एक कणही मागे ठेवू नका म्हणून बजावलं. बगळ्यांनी त्याच्यासमोर जागा झाडून घेतली.

घरी चिमाबाईने, म्हणजे त्याच्या बायकोने, गाठोड्यातली एक जुनी पुडी आधी वेगळी काढली. तिच्या आईची, गोदाआजीची, ती एकुलती एक पुडी होती. एका सकाळची. चुलीवर तीळ तडतडताहेत, माती ओली आहे, आणि आई कुशीत घेते आहे, एवढंच त्यात होतं. उंदरांच्या घरात बारशाला घरातल्या वडीलधाऱ्या बाईची पुडी पाळण्यावर सोडायची रीत होती, म्हणजे बाळाला आपल्या माणसांचा वास कळे.

"नीट ठेवा हो," चिमाबाई म्हणाली. "ही गेली तर आई दुसऱ्यांदा गेली असं होईल."

"अगं, बगळ्यांपेक्षा दसपट नीट ठेवतो! माझ्या घरात, माझ्या हाताने," हरबाजी म्हणाला. आणि इथून त्याचं खूळ सुरू झालं.

मुलखाच्या मधोमध एक उंबर होता. कुण्या सुगरण पाखराने पूर्वी तिथे पुडी बांधायची एक गाठ टांगून ठेवली होती, उघडी, कुणीही बघावी आणि शिकावी अशी. अट एकच, की गाठीत काही सुधारणा केली तर ती परत इथेच आणून टांगायची. होता होता उंबराला पानांपेक्षा गाठी जास्त झाल्या. तिथे जमणारी मंडळी मोठी दिलदार. आपली विद्या ते कुणालाही द्यायचे, फक्त नवख्याने तोंड उघडलं की एका सुरात म्हणायचे, "आधी टांगलेल्या गाठी बघून या!"

हरबाजी त्या मंडळींत असा रमला की जेवणाची शुद्ध राहीना. पहिल्याच महिन्यात त्याने साधी गाठ शिकून घेतली आणि सासूबाईंच्या पुडीवर तिचा हात बसवला. दुसऱ्या महिन्यात तोच इतरांना शिकवू लागला. ओढ्यापलीकडची कोंडाई नावाची म्हातारी कासवीण शिकायला उंबराखालीच मुक्काम टाकून होती आणि रोज तेच विचारायची, "सोडताना पहिलं टोक कुठलं ओढायचं?" चौथ्यांदा विचारल्यावर हरबाजी वैतागला. सरावाला जवळ असलेल्या त्याच पुडीतली एक चिमूट पिठात मिसळून त्याने तिला एक पुडी करून दिली. "घ्या कोंडाई, ही घरी न्या आणि बसा बांधत-सोडत." पीडा टळली म्हणून तो खूश झाला आणि विसरूनही गेला.

घरी त्याने एक सोडून तीन बिळं खणली. एक बुजलं तर दुसरं, दुसरं बुजलं तर तिसरं. मग मुंग्यांची एक रांग कामाला लावली. मुंग्यांना हुकूम असा, की पहिल्या बिळात जे असेल तेच, तस्संच, दुसऱ्यात आणि तिसऱ्यात रोज भरायचं. जुनं काढून टाकायचं आणि विचार करायचा नाही. मुंग्यांना विचार करायची हौस नव्हतीच. शेजारीपाजारी बिळं बघायला येत, आणि हरबाजी पाहुण्यांना पाणी विचारायच्या आधी मुंग्यांची रांग दाखवी.

गाठही एकीची दुसरी, दुसरीची तिसरी होत चालली. नववी गाठ तर अशी बसली की वाराही आत शिरेना. दर नव्या गाठीला सगळ्या पुड्या पुन्हा बांधायच्या, असा त्याचा नेम होता.

"एखादी पुडी सोडून हुंगता का कधी?" चिमाबाईने एकदा विचारलं.

"हुंगायचं काय त्यात? तू गाठ बघ, गाठ!"

अशात त्यांच्या लेकीला, येसूला, मुलगी झाली. नाव गोदा ठेवायचं, हे चिमाबाईने तिथल्या तिथे ठरवून टाकलं. हरबाजीने उंबराखाली सगळ्यांना बारशाचं आवतण दिलं. आदल्या दिवशी सकाळी चिमाबाई म्हणाली, "आईची पुडी काढा बरं. एकदा बघून ठेवू."

हरबाजीने मोठ्या दिमाखात नववी गाठ सोडली. आत हिरवी बुरशी होती. कोंदट गाठीत भुकटीला ओल सुटली होती. दुसऱ्या बिळातली पुडी आणली, तिच्यातही बुरशी. तिसरीतही. आणि तिन्ही बुरश्यांत केसाचा फरक नव्हता! क्षणभर, खरंच क्षणभरच, मुंग्यांच्या कामाचं हरबाजीला कौतुक वाटलं. मग त्याने चिमाबाईचा चेहरा पाहिला, आणि आपण केवढं नुकसान केलं ते त्याला कळलं.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. पदर तोंडाला लावून ती रडली, आणि मग म्हणाली, "कुणाला दिली होती का हो कधी? चिमूटभर तरी?"

हरबाजी ताडकन उठला. कोंडाई!

तो ओढ्यापलीकडे धावत गेला. कोंडाईचं घर बंद. शेजारचा बेडूक म्हणाला, "म्हातारी पाच दिवसांपूर्वीच निघाली की! कुणा हरबाजीकडे बारसं आहे म्हणत होती." हरबाजी आल्या पावली मागे पळाला. वाटेत कोंडाई कुठेच दिसेना. दम लागून छातीचा भाता झाला, तेव्हा रस्त्याकडेच्या एका धोंड्यावर तो मटकन बसला.

"हरबाजी, उठा," धोंडा म्हणाला. "जातानाही माझ्यावरूनच उडी मारून गेलात."

"कोंडाई! पुडी आहे? ती पुडी?"

"आहे की. बारशाला येतेच आहे, तर गाठ बरोबर सुटते का ते तुम्हाला दाखवावं, म्हणून बरोबर घेतली."

"द्या इकडे, मी पळत जातो!"

"छे!" कोंडाई म्हणाली. "इतके महिने दर आठवड्याला बांधते नि सोडते आहे. सगळ्यांसमोर मीच सोडणार. बसा आधी, दम खा."

काय करतो बिचारा? नववी गाठ बांधणारा हरबाजी एक दिवस आणि एक सकाळ कासवाच्या पावलाने चालला.

दारात मंडळी ताटकळली होती. टेकडीवरचा एक बगळाही कोपऱ्यात एका पायावर उभा होता, कारण आवतण सगळ्यांनाच होतं. कोंडाईने पाळण्याजवळ पुडी ठेवली. हरबाजीने पाहिलं, ती पहिलीच, साधी गाठ होती, जिला तो हल्ली पोरखेळ म्हणायचा. त्याचे हात शिवशिवू लागले.

"पहिलं टोक कुठलं ओढायचं?" कोंडाईने विचारलं.

"डावं," हरबाजी हळूच म्हणाला.

पान उघडलं. ओली माती, चुलीवरचे तीळ, आणि त्यामागून गोदाआजीच्या कुशीची ऊब घरभर पसरली. पाळण्यातल्या पोरीचं नाक दोनदा हललं आणि ती रडायची थांबली. चिमाबाईला हुंदका आवरेना.

मग तिने डोळे पुसले, आजीची एक चिमूट पिठाच्या परातीत टाकली आणि वर फडकं झाकलं. बाळाचं नाव घेईस्तोवर परात तयार झाली. घुगऱ्यांच्या द्रोणाबरोबर प्रत्येक पाहुण्याच्या हातात ती एकेक पुडी ठेवू लागली. बेडकाला दिली, सुगरणींना दिली, कोंडाईला नवी करकरीत दिली. बगळ्यालाही दिली, तेव्हा हरबाजी जागचा उठला.

"अगं, त्याला कशाला? हुंगेल तो!"

"हुंगू दे," चिमाबाई म्हणाली.

बिळांकडे त्या दिवशी कुणाचं लक्ष नव्हतं. मुंग्या मात्र इमानेइतबारे पहिल्यातली बुरशी दुसऱ्यात आणि दुसऱ्यातली तिसऱ्यात नेत होत्या. परातीत शेवटची पुडी उरली, घरची. हरबाजीने ती हळूच उचलली, उजेडात धरली आणि डावं टोक उजव्याखालून घातलं तर कसं दिसेल हे बघायला मान तिरकी केली. चिमाबाईने पुडी काढून घेतली आणि त्याच्या दोन्ही हातांत घुगऱ्यांचे दोन भरलेले द्रोण ठेवले.