धाकट्याचं वजन

“वजनानं मन खचतं, का मन खचल्यानं वजन वाढतं? एकदाच काय ते सांगा, वस्ताद!” हिंदुराव तालमीच्या दारातूनच कडाडला.

म्हादबा वस्ताद कुस्तीच्या हौद्यातली माती फावड्यानं उकरत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“डॉक्टर काय म्हणतो?”

“दोन्ही म्हणतो! एक वाढलं की दुसरं वाढतं. कोलेस्टेरॉलचा मनाशी काय संबंध, ते म्हणे अजून नक्की नाही. दोन्हीच्या गोळ्या दिल्यात… धाकटा गिळतोय.”

हिंदुरावाचं डोकं पार उठलं होतं. धाकटा भाऊ सर्जेराव याच मातीत लोळलेला गडी. आता पोट सुटून दिवसभर खाटेवर. ना हसणं, ना भांडणं. काल ताटावरून उठताना म्हणाला, “दादा, मी नसलो तर तुझी कटकट मिटंल.” तेव्हापासून हिंदुराव घाबरला होता, आणि भीती वाटली की हा माणूस ओरडत सुटायचा.

“तुम्ही सांगितलं तेच केलं की! पहाटे उठवून जोर काढायला लावतो. टोमणे मारतो, वजनकाट्यावर उभा करतो. ढिम्म हलत नाही!”

“मी काय सांगितलं?”

“त्याला जोर दे म्हणालात.”

फावडं थांबलं. वस्तादांचे पुढचे दात गेल्यापासून त्यांचे निम्मे शब्द ओठांतच घसरायचे.

“जोर?… अरे गाढवा, जोड! जोड दे म्हणालो होतो!”

तालमीत जोड म्हणजे रोज आपल्याशी खेळणारा बरोबरीचा गडी. तो पडला तर हात देऊन उठवणारा. हे हिंदुरावाला कुणी समजावायची गरज नव्हती.

“म्हणजे मी काय कामधंदा सोडून त्याच्या उशाशी बसू?” तो पुन्हा उसळला. “बसतो की मी त्याच्याजवळ!”

“कधी?”

“कधी म्हणजे…”

“हं?”

“…वजन बघताना.”

वस्ताद हौद्याबाहेर आले, दाराशी गेले. वाकताना कंबर धरली. हिंदुरावाच्या चपला उचलून त्यांनी त्याच्या पायांपुढे ठेवल्या.

“अहो वस्ताद, हे काय! माझ्या चपला तुम्ही…”

“आत्ता घरात त्याच्यापाशी कोण आहे?”