कर्कटासुर मरेना

“शेवट आधीच ठरलेला, तात्या. मग मी बोलायचं तरी कशाला?”

दिगू राऊळने रंगाची वाटी खाली आपटली. एरवी तो आमच्यासारखाच मालवणी बोलतो. राग आला की कॉलेजातलं मराठी बाहेर काढतो.

तात्या घाडी आरशात बघून कपाळाला गंध ओढत होते. आमच्या दशावतारी कंपनीचे ते मालक, दिगूचे गुरू, आणि नाटकातले विष्णूही तेच. मी पेटीवाला. देवळामागच्या पडवीत पान लावत बसलो होतो. कान अर्थातच तिकडे.

“माझा आजा राक्षस व्हायचा. विष्णूच्या हातून मरायचा. बाप राक्षस व्हायचा. तोही मरायचा. आता मी. उभा जन्म मरत काढायचा, आणि म्हणे कलावंत!”

“मरतंस मात्र झकास,” तात्या म्हणाले.

मला हसू फुटलं. दिगूने असं काही बघितलं, की मी मुकाट्याने पानाला चुना लावू लागलो.

खरं दुखणं वेगळंच होतं. आजचा प्रयोग दिगूच्या सासुरवाडीला होता. लग्नानंतरचा पहिलाच. समोर सासरे बसणार, मेहुणे बसणार, त्याची सुलभा पुढच्या रांगेत बसणार, आणि जावईबापू सगळ्यांदेखत धाडकन आडवे होणार! त्याने राजाचं काम मागितलं होतं. तात्यांनी दिला कर्कटासुर. मग काय, दिगूने दुपारीच पिशवी भरली. आजचा प्रयोग झाला की कंपनी सोडायची आणि परत तोंडाला रंग लावायचा नाही, असं त्याने मला बजावून सांगितलं होतं.

“नाटकाचं सोडा,” दिगू म्हणाला. “माणसाचं तरी दुसरं काय आहे? कुठे जन्मायचं, काय व्हायचं, कधी मरायचं, सगळं ठरलेलं. आपण निवडलं, आपण केलं, हा नुसता भ्रम. खरं की नाही?”

“आसात तसांच,” तात्या म्हणाले.

“मग माझ्या इच्छेला किंमत काय?”

तात्यांनी गंध पुरं केलं. मग वळून विचारलं, “तुझी भाषणां कोण लिवन देता?”

“कोणीच नाही.”

ते खरंच होतं. आमच्यात लिहिलेलं नाटक नसतं. रंग लावता लावता मालक कथा सांगतो: कोण येणार, कोण कोणाला मारणार. पुढचा शब्द न् शब्द ज्याने त्याने लोकांसमोर उभं राहून काढायचा.

“मगे?” तात्या म्हणाले.

“मगे काय? शब्द माझे, पण मरण तुमच्या हातात! पायात बेडी घालायची आणि वर म्हणायचं, आता हवा तसा नाच.”

तात्या कमरेचा शेला बांधू लागले.

“आज दाखवतोच मी,” दिगू म्हणाला. “इच्छा म्हणजे काय ते!”

“दाखय,” म्हणून तात्यांनी मुकुट उचलला.

दिवेलागणीला नाटक उभं राहिलं. मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. आणि दिगू... काय बोलत होता पठ्ठ्या! इंद्राला धुतला, नारदाची बोलती बंद केली. शेवटी युद्ध आलं. विष्णू समोर ठाकले. मी पेटी चढवली, मृदंग कडाडला, तात्यांनी चक्र उगारलं.

इथे राक्षसाने गिरकी घेऊन पडायचं असतं.

दिगू हाताची घडी घालून उभा.

“नारायणा, मी मरत नाही.”

लोक हसले. तात्यांनी पुन्हा चक्र उगारलं.

“फेक! शंभरदा फेक! मी मरत नाही म्हणजे नाही!”

मेहुण्यांनी शिट्टी मारली. माझी बोटं जागच्या जागी थिजली. मृदंगवाला माझ्याकडे बघतोय, मी त्याच्याकडे. आता काय डोंबल वाजवायचं? आणि देवाच्या उत्सवात देवच हरला, तर गाववाले आम्हाला सुखाने जेवू घालतील होय?

तात्यांनी चक्र खाली ठेवलं. मुकुट सांभाळत, अगदी सावकाश, राक्षसाच्या समोर जमिनीवर मांडी घातली.

“बरं. नको मरू,” विष्णू म्हणाले. “कथा मोडली. आता तुला कोणी मारणार नाही. त्रैलोक्य तुझं. सांग कर्कटासुरा, काय हवं तुला?”

दिगूने तोंड उघडलं...

मिटलं.

मागे एक पोर रडलं, तेवढाच काय तो आवाज.

“बोल ना. काय हवं?”

तात्यांच्या आवाजात चेष्टा नव्हती. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

दिगूच्या काळ्या रंगातून घामाचा ओघळ उतरला. त्याने पुढच्या रांगेकडे पाहिलं, मग तात्यांकडे. मला त्याची फार दया आली. वाटलं, आता हा पळणार.

तो वाकला. त्याने चक्र उचललं आणि विष्णूच्या हातात ठेवलं.

“नारायणा!” मंडपाचं छप्पर हादरलं. “माझा आजा मेला, तू मारलंस म्हणून. माझा बाप मेला, मरायचंच होतं म्हणून. माझ्यावर आज कसलीच सक्ती नाही. तू शस्त्र खाली ठेवलंस, वाट मोकळी केलीस. त्या मोकळ्या वाटेवर उभा राहून मी सांगतो, मला हीच कथा हवी! पुरी हवी! ऊठ देवा! आणि मारताना हात थरथरू देऊ नकोस. तुझ्यासमोर कर्कटासुर छाती काढून उभा आहे!”

मी दोन्ही हात पेटीवर टाकले. मृदंगवाला वेड्यासारखा वाजवू लागला. विष्णू उठले, चक्र फिरलं, आणि दिगूने अख्खा रंगमंच भरून गिरक्या घेतल्या. पडला तो असा, की पुढच्या रांगेवर धूळ उडाली.

मंडप उठून उभा राहिला! सासरे टाळ्या पिटतायत, मेहुणे छाती ठोकून ओरडतायत, “आमचो जावई! आमचो जावई!” सुलभा रडत होती आणि हसतही होती. विष्णूची आरती व्हायची होती, पण लोक मेलेल्या राक्षसाचाच जयजयकार करत राहिले. कोणी बसायला तयार नाही. आनंदाने माझाही ऊर भरून आला होता. सूर कुठले लागत होते, देव जाणे.

पडवीत दिगू धापा टाकत आला तो थेट तात्यांच्या पायांवर. राग उतरला होता, मालवणी परत आलं होतं.

“तात्यानू, आज मी माझ्या मनान मेलंय! पण शेवट तर तोच झालो... ठरलेलो. मगे खरां काय? मी माझ्या मनान मेलंय, की माका मरूचाच होतां?”

तात्यांनी मुकुट उतरवला. डोळे पुसले. त्याच्या पाठीत एक जोरदार धपाटा घातला.

“उद्या परत मर. मगे सांगतंय.”