कातळावरची यादी

“जंगलात कंद उरले नाहीत, म्हणजे तुझे कामही उरले नाही,” कासव सायाळीला तिसऱ्यांदा म्हणाले.

“उरले नाही कसे? बदलले आहे,” सायाळही तिसऱ्यांदाच म्हणाली, आणि तिच्या पाठीवरचे काटे खडखडले.

मुलांनो, हे भांडण चालले होते डोहाकाठच्या एका सपाट कातळावर. कासवाच्या पणजोबांनी त्यावर यादी कोरली होती, जंगलात कुणाचे काम काय त्याची. सुतारपक्ष्याने ढोल्या कोराव्यात, रानडुकराने वाटा पाडाव्यात, सायाळीने कंद उकरून द्यावेत. दर उन्हाळ्याच्या तोंडाशी कासव यादी वाची आणि ज्याने त्याने आपले नाव आले की “तेच” म्हणावे, अशी रीत होती. तेवढे म्हटले की झाले. कुणी ते काम खरेच करतो का, हे पाहायला कोणी जात नसे. ज्याचे नाव यादीत, त्याने काठावरच्या जांभळीखाली उभे राहून निवळ पाणी प्यावे. ज्याचे नाही, त्याने सर्वांच्या मागून यावे, आणि तोवर डोहाचा चिखल झालेला असे. चिखल पिऊन हा उन्हाळा आपल्याच्याने निघायचा नाही, हे म्हाताऱ्या सायाळीला पक्के ठाऊक होते.

तरी या वर्षी ती “तेच” म्हणाली नव्हती. खोटे आता तिच्या तोंडून निघेना. तीन वर्षांपूर्वी जंगलात घाणेरी माजली. त्या काटेरी, गुलाबी-पिवळ्या फुलांच्या झुडपाने कंद गिळले आणि वाटाही गिळल्या. पहिले वर्ष सायाळीने उपाशी काढले. मग ज्या दातांनी ती कंद तोडत होती, त्याच दातांनी घाणेरीचे बुंधे कुरतडायला शिकली. तोंड सोलवटले, दोन दात गेले, पण वाट पडली. बुटकी, बोगद्यासारखी. ससे, रानकोंबड्या तिच्यातूनच ये-जा करू लागल्या.

“तू ‘नाही’ म्हणालीस तिथेच चुकलीस,” रानडुक्कर जांभळीखालून म्हणाला. “‘तेच’ म्हणायचे आणि पाणी प्यायचे. काटे फुगवून शहाणपण येत नाही, म्हातारे.”

कासव काही दुष्ट नव्हते. पाठीवर चिकटलेले एक गुलाबी-पिवळे फूलही न झटकता ते सकाळपासून यादीवर बसून होते. ते समजुतीने म्हणाले, “घाणेरीतून वाट काढणे असे काम यादीत नाही. वाटा रानडुकराच्या नावावर आहेत. जो तो नवे काम सांगू लागला, तर कातळ पुरेल का? आणि पणजोबांचे अक्षर मी कसे खोडू?”

“माझे नाव खोडायला निघालाच आहात की,” सायाळ म्हणाली. मग ती रानडुकराकडे वळली. “तू शेवटची वाट कधी पाडलीस रे?”

रानडुकराने आधी इकडेतिकडे पाहिले. “आता विचारतेसच तर सांगतो. घाणेरीत नाक घातले की सोलून निघते. तीन उन्हाळे झाले. माझ्या साऱ्या वाटा बुजल्या.”

“आणि दरवर्षी ‘तेच’ म्हणतोस?”

“सगळेच म्हणतात. सावलीतली जागा कोण सोडेल?”

कुणी हसले, कुणी मान खाली घातली. कासवाने मात्र सायाळीच्या नावावर पंजा टेकवला. “ते काहीही असो. यादीत नाही ते काम नाही.”

सायाळीने काटे मिटले. कासवाच्या पाठीवरच्या त्या फुलाकडे पाहत ती शांतपणे म्हणाली, “कासवदादा, रानडुकराच्या वाटा बुजल्या आणि माझी वाट तुमच्या यादीत नाही, तर आज सकाळी तुम्ही या कातळावर आलात कुठून?”

तात्पर्य विचाराल, तर एवढेच : काळाबरोबर कामे बदलतात आणि हातही नवे काही शिकतात, कोण काय करतो हे जुन्या नोंदीत शोधू नये, प्रत्यक्ष जाऊन पाहावे आणि मग नोंद बदलावी.